बीटी कापूस, वनस्पतिशास्त्रीय संशोधन आणि शासनाचे उत्तरदायित्व : एक ऐतिहासिक अभ्यास (१९८९ ते २०१९)

प्रस्तावना :

भारतातील कृषिसंशोधनाचा इतिहास बहुधा वाणांच्या आणि उत्पादनाच्या आकड्यांतून सांगितला जातो. कोणते वाण केव्हा प्रसारित झाले, हेक्टरी उतारा किती वाढला, देशाची आयात किती घटली, अशा क्रमाने तो पुढे सरकतो. परंतु संशोधन प्रयोगशाळेतून शेताच्या बांधापर्यंत जाते तेव्हा वाटेत शासन उभे असते. परवानगी देणारे, किंमत ठरविणारे, तपासणी करणारे आणि पीक बुडाल्यावर पंचनामा करणारेही शासनच असते. त्यामुळे एखाद्या बियाण्याचा इतिहास हा प्रशासनाचाही इतिहास ठरतो. या दृष्टीने बीटी कापसाचे उदाहरण विशेष बोलके आहे. जनुकीय परिवर्तित पिकांचे नियम १९८९ मध्ये झाले, पहिली परवानगी २००२ मध्ये मिळाली आणि २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील कपाशी गुलाबी बोंडअळीने पोखरली. या काळात या बियाण्याविषयी शेतकऱ्याला नेमके कोण उत्तर देणार होते, या प्रश्नाचा मागोवा प्रस्तुत शोधनिबंधात घेतला आहे.

पूर्वपीठिका :

वऱ्हाड आणि वर्धा खोऱ्यातील कापूस हा मुळात देशी कापूस होता. हिंगणघाटची 'बनी' ही गॉसिपियम आर्बोरियम या प्रजातीतील जात एकोणिसाव्या शतकात तिच्या धाग्यासाठी नावाजलेली होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांना कापसाचा तुटवडा जाणवू लागला आणि ब्रिटिश शासनाचे लक्ष या प्रदेशाकडे वळले. १८६३ मध्ये मुंबई इलाख्यात कापसातील भेसळीला आळा घालणारा कायदा झाला. त्यानंतर मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी स्वतंत्र कापूस आयुक्त नेमण्यात आला आणि त्या पदावरून हॅरी रिव्हेट-कार्नॅक यांनी हिंगणघाटी बियाण्याच्या प्रसाराचा आग्रह धरला. या सर्व खटाटोपात शासनाने स्वतःला उत्तरदायी मानले ते खरेदीदाराला. गाठीत सरकी, माती वा हलका कापूस मिसळला जाऊ नये यासाठी कायदा झाला. पेरणाऱ्याला मिळणाऱ्या बियाण्याची हमी देणारा कायदा मात्र झाला नाही. ती तरतूद स्वतंत्र भारतात १९६६ च्या बियाणे अधिनियमाने केली, म्हणजे मध्ये एक शतकाहून अधिक काळ गेला.

स्वातंत्र्यानंतर लांब धाग्याच्या गरजेपोटी अमेरिकन कापसाचे, म्हणजे गॉसिपियम हिर्सुटमचे, क्षेत्र वाढत गेले. १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रात सी. टी. पटेल यांनी 'एच-४' हे संकरित वाण विकसित केले. व्यापारी प्रमाणावर लागवडीस आलेले ते जगातील पहिले संकरित कापूस वाण होय. पाठोपाठ धारवाडहून बी. एच. कातरकी यांचे 'वरलक्ष्मी' आले. पुढे नांदेडच्या संशोधन केंद्राचे 'एनएचएच-४४' मराठवाडा व विदर्भात घरोघरी पोहोचले. संकरित कापसाने उत्पादन वाढविले यात शंका नाही. मात्र त्याबरोबर दोन गोष्टी शेतात आल्या. घरची सरकी पेरण्याची चाल मोडली आणि दरवर्षी बियाणे विकत घेणे भाग पडले. दुसरे असे की देशी कापूस मावा, तुडतुडे यांसारख्या रस शोषणाऱ्या किडींना जसा तोंड देत असे, तसा हा कापूस देऊ शकला नाही. १९८० च्या दशकात सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके आली. काही वर्षांतच अमेरिकन बोंडअळीने त्यांना दाद देणे सोडले. १९९० च्या दशकात देशाच्या लागवडीखालील क्षेत्रात कापसाचा वाटा सुमारे पाच टक्के असताना एकूण कीटकनाशकांपैकी जवळजवळ निम्मी कीटकनाशके या एका पिकावर पडत होती. बीटी तंत्रज्ञानाचे स्वागत का झाले, हे या परिस्थितीशिवाय समजणार नाही.

परवानगीची यंत्रणा आणि नवभारत-१५१ :

बॅसिलस थुरिंजेन्सिस हा मातीत आढळणारा जिवाणू. त्याचे प्रथिन बोंडअळीच्या आतड्यात गेल्यावर तिच्यासाठी विषारी ठरते. त्याचे 'क्राय १ एसी' हे जनुक कापसाच्या पेशीत घालण्याचे तंत्र अमेरिकेतील मोन्सँटो कंपनीने विकसित केले. जालन्याच्या महिको कंपनीने १९९५ मध्ये केंद्रीय जैवतंत्रज्ञान विभागाची परवानगी मिळवून पुढील वर्षी थोडे बियाणे आयात केले आणि ते जनुक भारतीय संकरित वाणांच्या पालकांत उतरविण्याचे काम सुरू केले.

या तंत्रज्ञानावर देखरेख ठेवणारे नियम ५ डिसेंबर १९८९ रोजी पर्यावरण संरक्षण अधिनियम, १९८६ खाली अधिसूचित झाले होते. संशोधनाच्या टप्प्यावर जैवतंत्रज्ञान विभागातील समिती आणि व्यापारी लागवडीसाठी पर्यावरण मंत्रालयातील जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समिती अशी ही रचना होती. राज्यपातळीवर समन्वय समिती आणि जिल्हापातळीवर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असावी, अशीही तरतूद त्यात होती. कागदावर ही रचना निर्दोष दिसते. परंतु राज्यघटनेनुसार शेती हा राज्यसूचीतील विषय आहे. परवानगी द्यायची दिल्लीतील पर्यावरण मंत्रालयाने आणि पीक उभे राहायचे राज्याच्या कृषिखात्याच्या हद्दीत, अशी ही विभागणी होती. जिल्हा समित्या तर अनेक ठिकाणी नावापुरत्याच राहिल्या. पुढील सर्व गुंतागुंतीचे मूळ येथे आहे.

या यंत्रणेची पहिली कसोटी तिने परवानगी देण्यापूर्वीच लागली. जून २००१ मध्ये मान्यता समितीने महिकोचा प्रस्ताव आणखी चाचण्यांसाठी पुढे ढकलला. त्याच हंगामात गुजरातमध्ये बोंडअळीचा मोठा प्रादुर्भाव झाला आणि त्यात 'नवभारत-१५१' नावाचे एक वाण मात्र टवटवीत उभे असल्याचे आढळले. तपासणीत त्यात बीटी जनुक निघाले. हे वाण साधे संकरित बियाणे म्हणून राजरोस विकले जात होते आणि हजारो एकरांवर पेरले गेले होते. मान्यता समितीने ऑक्टोबर २००१ मध्ये उभे पीक नष्ट करण्याचे आदेश दिले. हे आदेश अमलात कोणी आणायचे? राज्य शासनाला उभ्या पिकाला हात लावणे राजकीयदृष्ट्या अशक्य होते. शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी या शेतकऱ्यांची बाजू घेतली. कापूस वेचला गेला, विकला गेला, आणि त्याची सरकीही बाहेर पडली. पाच महिन्यांनी, २६ मार्च २००२ रोजी, महिकोच्या मेक-१२, मेक-१६२ आणि मेक-१८४ या तीन वाणांना तीन वर्षांसाठी सशर्त परवानगी मिळाली. गुजरातमधील घटनेमुळेच ही परवानगी दिली गेली असे कागदपत्रांच्या आधारे म्हणता येणार नाही. परंतु ज्या पिकावर निर्णय व्हायचा होता ते पीक निर्णयाआधीच शेतात पोहोचले होते, आणि त्याचा माग नियामकाला नव्हे तर प्रतिस्पर्धी कंपनीला लागला होता, ही वस्तुस्थिती दुर्लक्षिता येत नाही.

जनुकाची तपासणी आणि बियाण्याचे स्वरूप :

परवानगीपूर्व चाचण्यांत विषारीपणा, परागकणांचे वहन, मातीतील सूक्ष्मजीवांवरील परिणाम यांचा विचार झाला. ते योग्यच होते. मात्र हे जनुक कोणत्या प्रकारच्या बियाण्यातून शेतकऱ्याला द्यावे, हा प्रश्न कोणत्याही समितीच्या कार्यकक्षेत आला नाही. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, ब्राझील या देशांत बीटी कापूस सरळ वाणांतून आला. तेथे झाडे दाट लावतात आणि पीक थोड्या अवधीत निघते. भारतात तो जवळजवळ सर्वस्वी संकरित वाणांतून आला. संकरित बियाणे महाग असल्यामुळे झाडे विरळ लावली जातात, झाड मोठे होते आणि पीक लांबते. कोरडवाहू, हलक्या जमिनीत पाऊस सप्टेंबरअखेर सरतो आणि बोंडे भरण्याचा काळ त्यानंतर येतो, हे विदर्भातील कोणताही शेतकरी सांगू शकेल. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे तत्कालीन संचालक केशव क्रांती यांनी हा मुद्दा पुढे सातत्याने मांडला.

संकरित बियाण्याची दुसरी अडचण शुद्ध वनस्पतिशास्त्रीय आहे आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. संकरित बीटी कापसाचा एक पालक बीटी आणि दुसरा बिगर-बीटी असेल तर झाडात त्या जनुकाची एकच प्रत असते. अशा झाडाच्या बोंडात जी सरकी धरते ती पुढील पिढी होय. मेंडेलच्या नियमानुसार त्यातील सुमारे एक चतुर्थांश बियांत ते जनुक नसतेच. गुलाबी बोंडअळी ही मुख्यतः सरकी खाणारी अळी आहे. एकाच बोंडात तिला विषयुक्त आणि विषमुक्त अशा दोन्ही बिया मिळत गेल्या. अशा मिश्र आहारावर अंशतः प्रतिकारक्षम अळ्या जगतात व वाढतात. सरळ वाणात ही अडचण येत नाही, कारण त्याच्या सर्व बियांत जनुक असते. महाविद्यालयात आनुवंशशास्त्राच्या पहिल्या तासाला शिकवला जाणारा हा नियम देशातील सर्वांत मोठ्या जैवतंत्रज्ञान निर्णयात विचारात घेतला गेल्याचे दिसत नाही, हे खेदजनक आहे.

सुरुवातीच्या वर्षांतील लाभ मात्र नाकारता येत नाही. अमेरिकन बोंडअळीवरील फवारण्या घटल्या. जोनास कॅथेज व मॅटिन कैम यांच्या २०१२ मधील अभ्यासात २००२ ते २००८ या काळात बीटीमुळे एकरी उत्पादनात २४ टक्के आणि नफ्यात ५० टक्के वाढ झाल्याचे दाखविले आहे. दुसऱ्या बाजूस कापूस सल्लागार मंडळाच्या आकडेवारीनुसार देशाची हेक्टरी रुई उत्पादकता २००२-०३ मधील ३०२ किलोवरून २००४-०५ मध्येच ४७० किलोवर गेली होती, आणि त्या वर्षी बीटीचे क्षेत्र एकूण क्षेत्राच्या सहा टक्क्यांच्या आसपास होते. २००७-०८ मध्ये ती ५५४ किलोपर्यंत पोहोचली व त्यानंतर बीटीचे क्षेत्र नव्वद टक्क्यांवर जाऊनही ती टिकली नाही. क्रांती आणि ग्लेन डेव्हिस स्टोन यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वाढीचे श्रेय प्रामुख्याने खते, सिंचन व नवी कीटकनाशके यांना दिले आहे. या दोन मतांतील वाद मिटलेला नाही. एका हंगामापुरते पाहिले तर पहिले मत आणि दोन दशकांच्या पल्ल्याने पाहिले तर दुसरे मत अधिक पटते, असे म्हणावे लागेल.

आश्रय ओळींची अट :

२००२ च्या परवानगीतील सर्वांत महत्त्वाची अट अशी होती की बीटी कपाशीभोवती बिगर-बीटी कपाशीच्या पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या वीस टक्के, यांपैकी जे अधिक असेल तेवढी लागवड करावी. या ओळींत वाढलेले, प्रतिकारशक्ती नसलेले पतंग बीटी पिकातून वाचलेल्या पतंगांशी मीलन पावतात आणि प्रतिकारशक्ती पसरण्याचा वेग मंदावतो, हे त्यामागील शास्त्र. बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची पुडीही मिळत असे. बहुतेक पुड्या पेरल्याच गेल्या नाहीत. दोन-चार एकरांच्या धन्याने पाचवा हिस्सा जाणूनबुजून अळीला खाऊ घालावा ही अपेक्षा व्यवहार्य नव्हती. त्याला भरपाई नव्हती, गावातील कृषिसहायकाकडे तपासणीचा अधिकार वा सवड नव्हती, आणि मान्यता समितीकडे शेतात पाठवायला माणूस नव्हता. अट घालणाऱ्याने ती घालताच आपले काम संपले असे मानले, असाच याचा अर्थ होतो.

परिणाम दिसायला फार वेळ लागला नाही. मार्च २०१० मध्ये मोन्सँटोने स्वतःच जाहीर केले की गुजरातमधील अमरेली, भावनगर, जुनागढ व राजकोट या चार जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी 'क्राय १ एसी' ला प्रतिकारक्षम झाली आहे. उपाय म्हणून २००६ पासून बाजारात असलेले दोन जनुकांचे बीजी-२ सुचविण्यात आले. २०१५ मध्ये गुजरातमध्ये बीजी-२ वरही हीच अळी मोठ्या प्रमाणावर आढळली. फरदड घेण्याच्या सवयीमुळे शेतात फेब्रुवारी-मार्चपर्यंत पऱ्हाटी उभी राहते आणि अळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो. फरदडीबद्दल शेतकऱ्याला दोष देण्याची प्रथाच पडून गेली आहे. पण ज्याला लांब मुदतीच्या वाणाखेरीज दुसरे बियाणेच दुकानात मिळत नाही, तो झाडावर उरलेली बोंडे सोडून पऱ्हाटी उपटेल अशी आशा बाळगणे कठीण आहे.

सार्वजनिक संशोधनाचा प्रयत्न : बिकानेरी नरमा बीटी

या इतिहासातील सर्वांत दुःखद प्रकरण सार्वजनिक संस्थांचे आहे. खाजगी संकरित बियाण्याला पर्याय म्हणून भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संस्था आणि धारवाडचे कृषिविज्ञान विद्यापीठ यांनी 'बिकानेरी नरमा' या सरळ वाणात बीटी जनुक घातले. शेतकऱ्याला त्याची सरकी राखून पुन्हा पेरता येणार होती. मे २००८ मध्ये त्यास मान्यता मिळाली आणि २००९ च्या खरिपात बियाणे शेतकऱ्यांच्या हाती आले. महाराष्ट्रातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने हे वाण म्हणजे दहा वर्षांच्या प्रतीक्षेचे फळ होते. परंतु वर्ष सरण्यापूर्वीच त्याचे बीजोत्पादन थांबविण्यात आले. बियाण्यात मोन्सँटोच्या 'मॉन ५३१' या जनुकीय घटनेचे अंश आढळले होते.

परिषदेने नेमलेल्या, सुधीर कुमार सोपोरी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने डिसेंबर २०१२ मध्ये अहवाल दिला आणि संशोधनातील व तपासणीतील त्रुटी नोंदविल्या. भेसळ हेतुपुरस्सर होती की निष्काळजीपणाने झाली यावर बरीच चर्चा झाली. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र दुसरीच गोष्ट खटकते. ज्या मान्यता समितीने खाजगी कंपन्यांकडून वर्षानुवर्षे माहिती मागविली, तिच्यासमोरून हे सरकारी वाण गेले आणि त्यातील जनुक कोणते आहे हे तिच्या लक्षात आले नाही. मॉन ५३१ वर भारतात पेटंट नव्हते, त्यामुळे ते उघडपणे वापरून सरळ वाण तयार करण्यास कायद्याची मोठी अडचणही नव्हती. तसे वाण अकोला व नागपूर येथील संस्थांनी पुढे तयार केलेही. पण तोवर गुलाबी बोंडअळीवर एकट्या 'क्राय १ एसी' चा उपयोग उरला नव्हता. गेलेली दहा वर्षे कोणाच्या खाती लिहायची, हे कोणत्याही अहवालात आलेले नाही.

२०१७ चा हंगाम :

बोंडअळी आणि विषबाधा अशी दोन संकटे २०१७ मध्ये एकामागून एक आली. जुलै ते ऑक्टोबर या काळात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. अनेक रुग्णांच्या दृष्टीवर परिणाम झाला. ज्या तंत्रज्ञानाचे समर्थन फवारणी कमी होते या एका मुद्द्यावर झाले होते, त्याच पिकात पंधरा वर्षांनी हे घडले. शासनाने विशेष तपास पथक नेमले. चर्चा हातमोजे आणि मुखवट्यांभोवती फिरत राहिली. डोक्याहून उंच वाढलेल्या पिकात, उकाड्यात, दोन-तीन औषधांचे मिश्रण रोजंदारीवर फवारणाऱ्या मजुराला कोणते औषध कशासाठी आहे हे कोणी सांगितले होते, हा प्रश्न त्या चर्चेत मागे पडला.

नोव्हेंबरपर्यंत डोमकळ्या आणि किडकी बोंडे यांनी शेते भरली. महाराष्ट्र कापूस बियाणे अधिनियम, २००९ खाली शेतकऱ्यांनी विहित नमुन्यात तक्रारी दाखल केल्या. डिसेंबरमध्ये नागपूर अधिवेशनात शासनाने कोरडवाहू कपाशीसाठी हेक्टरी ३०,८०० रुपये आणि बागायतीसाठी ३७,५०० रुपये मदतीची घोषणा केली. या रकमेची फोड पाहण्यासारखी आहे. दोन्ही प्रकारांत ८,००० रुपये पीकविम्यातून आणि १६,००० रुपये बियाणे कंपन्यांकडून यावयाचे होते; उरलेला भाग आपत्ती निवारण निधीचा होता. म्हणजे कोरडवाहू शेतकऱ्याला जाहीर झालेल्या मदतीतील निम्म्याहून अधिक रक्कम शासनाच्या तिजोरीत नव्हतीच. कंपन्यांनी हे दायित्व मान्य केले नाही. गुलाबी बोंडअळीला प्रतिकार संपुष्टात आल्याचे संशोधन संस्थांनी आधीच सांगितले होते, त्यामुळे हा बियाण्याचा दोष नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो युक्तिवाद शासनावरच उलटतो. प्रतिकार संपल्याचे ठाऊक असताना त्याच बियाण्याची किंमत ठरवून विक्रीस परवानगी कोणी दिली? डिसेंबर २०१५ च्या केंद्रीय आदेशानंतर २०१६ मध्ये बीजी-२ च्या पाकिटाची कमाल किंमत ८०० रुपये ठरविताना त्यात ४९ रुपये तंत्रज्ञानाचे मूल्य म्हणून समाविष्ट केले होते. जे तंत्रज्ञान गुलाबी बोंडअळीपुरते निकामी झाले होते, त्याचेही मूल्य शेतकरी भरत होता.

कायद्याची वाट :

दाद मागण्याच्या वाटा या काळात अगदीच बंद होत्या असे नाही. आंध्र प्रदेश शासनाने २००६ मध्ये बियाण्याच्या किमतीचा वाद एकाधिकार व निर्बंधक व्यापार प्रथा आयोगापुढे नेला आणि पाकिटाची किंमत निम्म्याहून खाली आणली. माहिती अधिकाराच्या आधारे बीटी वांग्याच्या चाचण्यांचे तपशील २००८ मध्ये खुले झाले, आणि २०१० च्या जनसुनावण्यांनंतर, ज्यांतील एक नागपुरात झाली, तत्कालीन पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी ९ फेब्रुवारी रोजी त्या पिकास स्थगिती दिली. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात सदोष बियाण्यासाठी शेतकरी ग्राहक न्यायालयात जाऊ शकतो, हे स्पष्ट केले. बासुदेब आचार्य यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय स्थायी समितीने त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातील भांबराजा व मारेगाव या गावांना भेट देऊन शेतकऱ्यांचे म्हणणे ऐकले आणि ऑगस्टमधील अहवालात नियामक यंत्रणेवर कठोर टीका केली. मात्र २००४ मध्ये राज्यसभेत मांडलेले बियाणे विधेयक संमत झाले नाही, आणि २०१३ चे जैवतंत्रज्ञान नियामक प्राधिकरण विधेयक लोकसभेच्या मुदतीबरोबर व्यपगत झाले. यातील प्रत्येक यश व्यक्तींच्या वा संस्थांच्या चिकाटीचे होते. यंत्रणेच्या रोजच्या कारभारात त्यांपैकी फारसे काही उतरले नाही.

जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोट तालुक्यात अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी तणनाशक सहनशील बीटी कापूस जाहीरपणे पेरला. या बियाण्यास मान्यता नाही. गावोगावी ते 'चोर बीटी' या नावाने मिळत होते आणि त्याच्या पाकिटावर ना उत्पादकाचे खरे नाव होते ना पावती. प्रशासनाने गुन्हे दाखल केले. निंदणीला मजूर मिळत नाही, हे शेतकऱ्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पीक बुडाले तर या बियाण्यासाठी तक्रारीचा नमुना भरता येणार नाही, हेही खोटे नव्हते. गुजरातमधील नवभारत-१५१ ला तेव्हा अठरा वर्षे झाली होती, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील ती समिती १९८९ च्या नियमांत अजूनही होती.